पप्पांची स्कूटर आणि जगातला पहिला पार्किंग मीटर

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण त्याची सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणापासून होते. भांडण म्हणजे अगदी भांडण नाही, पण जेवताना दोन माणसं एकमेकांकडे न बघता जेवतात ना, तसं काहीसं.

मागच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण पप्पाही हा पॉडकास्ट ऐकतात आणि त्यांचे शेजारीही. पश्चिम महाराष्ट्रातलं कुठलंही तालुक्याचं गाव डोळ्यासमोर आणा. एक मेन रोड, त्या रोडवर आमचं कापडाचं दुकान, आणि दुकानासमोर गाड्याच गाड्या. दिवाळीचा सीझन म्हणून मी गल्ल्यावर बसलो होतो. एक बाई स्कूटीवरून आल्या, मागे लहान मुलगी. दुकानासमोर जागा नाही. पुढे गेल्या, वळून आल्या, परत जागा नाही. तिसऱ्यांदा दिसल्याच नाहीत.

पप्पा म्हणाले, "बघ, गिऱ्हाईक गेलं. ह्या ट्रॅफिकनं धंदा खाल्ला आपला."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठे काही अडकलं की आधी लॉग बघायचा, ही सवय. मी काय केलं, सकाळी दुकान उघडल्यापासून आमच्या आणि शेजारच्या दोन दुकानांसमोरच्या गाड्या मोजल्या. अकरा दुचाकी मावत होत्या. त्यातल्या आठ सकाळपासून रात्रीपर्यंत हलल्याच नाहीत. आणि त्या आठ कुणाच्या? दुकानदारांच्या आणि दुकानात काम करणाऱ्यांच्या. एक पप्पांची स्कूटर. एक माझी बाईक.

मी हे रात्री जेवताना सांगितलं. वर असंही म्हणालो, की इथे पार्किंगला पैसे लावले पाहिजेत, तासाच्या हिशेबाने, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील. पप्पा काही क्षण गप्प बसले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आत्ता सांगत नाही, शेवटी सांगतो. कारण त्याचं उत्तर शोधताना मला सव्वाशे वर्षांची एक गोष्ट सापडली, आणि ती आधी ऐकल्याशिवाय त्या प्रश्नात काय दम होता ते कळणार नाही.

तर चला, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीला जाऊया.

एका दुपारी वसलेलं शहर

ओक्लाहोमा सिटीचा वाढदिवस अगदी नेमका सांगता येतो. २२ एप्रिल १८८९. त्या दिवशी दुपारी १२ वाजता सरकारने एक मोठा भूभाग वसाहतीसाठी खुला केला. इशारा झाला की पळत सुटायचं आणि मिळेल त्या जमिनीवर खुंटी ठोकायची, अशी चक्क शर्यत. ही जमीन त्याआधी तिथल्या मूळनिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती, हे विसरायला नको. सकाळी तिथे रेल्वेचं स्टेशन आणि तुरळक घरं होती. रात्री झोपताना सुमारे १० हजार माणसं तंबूत होती. एका दिवसात शहर!

१९०३ मध्ये तिथे विजेवर चालणारी ट्राम आली. ती आणली अँटन क्लासन आणि जॉन शार्टेल या दोघांनी, आणि इथे एक गंमत आहे. क्लासन जमिनीच्या धंद्यातला माणूस. गावाबाहेर स्वस्तात जमीन घ्यायची, तिथपर्यंत ट्राम न्यायची, आणि मग रुळांच्या कडेचे प्लॉट विकायचे. म्हणजे 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही आपल्याकडची बिल्डरची जाहिरात अजिबात नवीन नाही. हळूहळू रूळ आसपासच्या गावांपर्यंत गेले. नॉर्मन, गथ्री, एल रीनो इथली माणसं ट्राममध्ये बसून शहराच्या मध्यात खरेदीला, कामाला येऊ लागली.

१९३० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती १ लाख ८५ हजार. म्हणजे आजच्या इचलकरंजीपेक्षा लहान. पण १९२८ च्या डिसेंबरमध्ये तिथे तेल लागलं होतं. पैसा आला, माणसं आली आणि मोटारी आल्या. १९१३ मध्ये अख्ख्या ओक्लाहोमा राज्यात सुमारे ३ हजार मोटारी होत्या. १९३० मध्ये सुमारे ५ लाख. सतरा वर्षांत!

आता ह्या मोटारी उभ्या कुठे करायच्या? अर्थातच रस्त्याच्या कडेला, दुकानांसमोर.

खडू घेतलेला पोलीस

आता तिथल्या दुकानदारांची तक्रार ऐका. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळत नाही. का मिळत नाही? कारण आसपासच्या ऑफिसात आणि दुकानात काम करणारे लोक सकाळीच येऊन सगळ्या जागा अडवतात आणि संध्याकाळी घरी जातानाच गाडी काढतात.

हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. हे तर आमच्या मेन रोडचंच वर्णन होतं.

पार्किंगला वेळेची मर्यादा तेव्हाही होती. पण ती पाळून घ्यायची कशी? पोलीस हातात खडू घेऊन फिरायचा आणि टायरवर खूण करायचा. तासा-दोन तासांनी परत यायचा, खूण तशीच असली की दंड. आपल्या भाषेत सांगायचं तर हे हाताने केलेलं पोलिंग. एक पोलीस, शेकडो गाड्या, आणि प्रत्येक गाडी कधी आली याचा हिशेब फक्त त्या खडूच्या खुणेत. खूण पुसली, किंवा गाडी चार फूट पुढे सरकवली, की सगळा डेटा गायब.

इथे आपल्या गोष्टीत येतो कार्ल मॅगी.

संपादक, प्राध्यापक आणि तेलविहिरीचा टायमर

मॅगी हा मूळचा वकील, पण त्याचं नाव झालं ते वर्तमानपत्रामुळे. १९२० च्या दशकात न्यू मेक्सिको राज्यात तो संपादक होता. अमेरिकेत तेव्हा टीपॉट डोम नावाचा तेलाचा मोठा घोटाळा गाजला होता. त्यात अडकलेल्या अल्बर्ट फॉल या बड्या राजकारण्याच्या व्यवहारांवर मॅगीने लिहून हात धुवून पाठ घेतली होती. त्याची किंमतही मोजली. खटले झाले, तुरुंगात टाकायचे प्रयत्न झाले. १९२५ मध्ये एका हॉटेलात एका माजी न्यायाधीशाने त्याच्यावर हल्ला केला. मॅगीने स्वतःला वाचवायला पिस्तूल झाडलं आणि गोळी लागली मधे पडलेल्या तिसऱ्याच माणसाला. तो माणूस मेला. मॅगी कोर्टातून निर्दोष सुटला. १९२७ मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला आला आणि तिथे पुन्हा वर्तमानपत्र चालवायला लागला.

तिथल्या व्यापारी संघटनेने वाहतुकीच्या प्रश्नावर एक समिती नेमली आणि मॅगीला त्यात घेतलं. त्याच्या डोक्यात आलं, की पोलिसाने वेळ लक्षात ठेवण्यापेक्षा जागेनेच वेळ लक्षात ठेवली तर? प्रत्येक जागेला स्वतःचं घड्याळ.

कल्पना झाली, पण यंत्र कोण बनवणार? मग तो गेला स्टिलवॉटरच्या ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजात, म्हणजे आजच्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत. तिथल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी त्याने चक्क स्पर्धा ठेवली. आजच्या हॅकेथॉनची आजीच म्हणा ना! मुलांनी मॉडेल्स केली, पण रस्त्यावर टिकेल असं एकही निघालं नाही. हेही हॅकेथॉनसारखंच. शेवटी तिथलेच प्राध्यापक एच. जी. थ्यूसन आणि त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी जेराल्ड हेल यांनी ते काम हातात घेतलं. ऊन, पाऊस, थंडी, धूळ आणि लोकांचे धक्के सोसून वेळ दाखवणारं स्वस्त यंत्र बनवणं हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्यांच्या पहिल्या नमुन्याला नाव पडलं 'ब्लॅक मारिया'.

पुढे उत्पादन करायचं म्हटल्यावर टल्सा शहरातली मॅकनिक नावाची कंपनी मिळाली. ही कंपनी काय बनवायची माहितीये? तेलाच्या विहिरीत नायट्रोग्लिसरीनचा स्फोट करायला लागणारे टायमर. म्हणजे ज्या तेलाने शहरात मोटारींची गर्दी केली, त्याच तेलाच्या धंद्यातल्या घड्याळजींनी त्या गर्दीवर मीटर बसवला.

१६ जुलै १९३५

त्या दिवशी फर्स्ट स्ट्रीट आणि रॉबिन्सन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जगातला पहिला पार्किंग मीटर बसला. नाव, 'पार्क-ओ-मीटर नंबर १'. तो आज ओक्लाहोमाच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्याच्याबरोबर आणखी मीटर बसले, सगळे मिळून पावणेदोनशेच्या आसपास. रस्त्याच्या कडेला रंगाने वीस-वीस फुटांच्या जागा आखल्या आणि प्रत्येक जागेसमोर एक खांब. दर होता एक निकेल, म्हणजे ५ सेंटचं नाणं. मोक्याच्या जागी त्यात थोडा वेळ मिळायचा, बाजूला तासभर.

लोक भडकले. "मोटार घेताना कर भरलाय, पेट्रोलवर कर भरतोय, आता स्वतःच्याच गावातल्या रस्त्यावर उभं राहायलाही पैसे?" प्रकरण कोर्टात गेलं. पुढे हा वाद अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कोर्टांत लढला गेला आणि बहुतेक ठिकाणी निकाल साधारण एकाच सुरात आले: रस्त्याची शिस्त राखायला मीटर चालेल, नुसती तिजोरी भरायला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निषेधाच्या तऱ्हाही मजेशीर होत्या. असं सांगतात की चौघांनी मीटरमध्ये निकेल टाकला, त्या जागेत घडीचं टेबल आणि खुर्च्या मांडल्या आणि पत्त्यांचा डाव सुरू केला. पैसे दिलेत ना? मग जागा आमची, मोटारच लावली पाहिजे असं कुठे लिहिलंय? मला यात नुसता खोडसाळपणा दिसत नाही. रस्त्याची ती वीस फूट जागा म्हणजे जमीन आहे, तिचा मोटारीखेरीज दुसराही उपयोग होऊ शकतो, हे त्या चौघांनी बसल्या बसल्या दाखवून दिलं.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मीटरचा नियम मोडला म्हणून कारवाई झाली ती कुणावर? सी. एच. नॉर्थ नावाच्या पाद्रीबाबांवर. ते म्हणाले, मी सुट्टे आणायला दुकानात गेलो होतो. न्यायाधीशांनी ते मान्य केलं आणि त्यांना सोडून दिलं. 'सुट्टे नाहीत' हे कारण जगात सगळीकडे चालतं!

पण खरी गोष्ट दुकानदारांची आहे. मीटर सुरुवातीला रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले होते. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांनी मागणी केली, की आमच्यासमोरही बसवा. कारण समोरच्या बाजूला गाड्या येत होत्या, जात होत्या, नव्या गिऱ्हाइकाला जागा मिळत होती. आणि यांच्या बाजूला फुकटात दिवसभर मुक्काम ठोकलेल्या गाड्या. एकच रस्ता, एकच बाजारपेठ, फरक फक्त मीटरचा. यापेक्षा स्वच्छ ए-बी टेस्ट मी माझ्या नोकरीतही बघितलेली नाही.

नंतर ही गोष्ट सुसाट पसरली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार मीटर होते.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. पप्पांना फोन करून सांगणार होतो, की बघा, दुकानदारांनीच मागून घेतले मीटर. पण म्हटलं, पुढे काय झालं तेही बघू. आणि तिथे माझी गाडी पंक्चर झाली.

रूळ उखडले

मी स्वतःला एक प्रश्न विचारला. १९३५ मध्ये ज्या कारकुनाची मोटार दुकानासमोर दिवसभर उभी असायची, तो मीटर बसल्यावर कामाला कसा यायला लागला?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल. कुणी गाडी लांब लावून चालत आला असेल, कुणी मित्राच्या गाडीत बसला असेल. पण त्याच्याकडे आणखी एक रस्ता होता, आणि तो दाराशी होता. ट्राम! क्लासन-शार्टेलचे ते रूळ तेव्हा अजून चालू होते. मीटरने त्याला म्हटलं, 'इथे दिवसभर थांबू नकोस', आणि ट्राम म्हणाली, 'मग माझ्यात बस'. सगळ्या इतिहासात कौतुक होतं मीटरचं. माझ्या मते मीटर चालला, कारण त्याच्या पाठीशी ट्राम उभी होती.

पण ट्रामची तब्येत तेव्हाच ढासळत चालली होती. १९४७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली ट्राम बंद झाली. तिच्या जागी बस आल्या, पण शहर आता मोटारीच्या मापाने वाढत होतं. १९६० च्या आसपास शहराने आजूबाजूची जमीन सपाटून आपल्या हद्दीत घेतली. आज ह्या शहराची हद्द ६०० चौरस मैलांच्या वर आहे, म्हणजे मुंबई महापालिकेच्या तिपटीहून जास्त. आणि माणसं किती? २०२० च्या जनगणनेत ६ लाख ८१ हजार. एवढ्या विरळ वस्तीत बस चालवणं म्हणजे रिकाम्या खुर्च्या फिरवणं. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी. आपल्या एसटीच्या कितीतरी खेड्यांतल्या फेऱ्यांचं असंच झालेलं आपण बघितलंय.

मग शहराबाहेर मॉल झाले. तिथे पार्किंग ऐसपैस आणि फुकट. मध्यातल्या बाजारपेठेचं गिऱ्हाईक तिकडे गेलं.

शहराने ठरवलं, आपणही मध्यभाग मोटारींसाठी सुधारू. १९६४ मध्ये प्रसिद्ध आर्किटेक्ट आय. एम. पेई यांचा आराखडा आला. जुनं पाडायचं, मोठे रस्ते, मोठ्या इमारती, एक भव्य मॉल आणि भरपूर पार्किंग. पुढच्या वर्षांत मध्यभागातल्या शेकडो जुन्या इमारती पाडल्या गेल्या. थिएटरं गेली, दुकानं गेली. १९३२ मध्ये बांधलेलं बिल्टमोर हॉटेल १९७७ मध्ये स्फोटकं लावून जमीनदोस्त केलं.

आणि तो भव्य मॉल? तो झालाच नाही. पार्किंगचं गॅरेज मात्र झालं.

मी हे वाचून थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो. ज्या शहराने गिऱ्हाइकाला जागा मिळावी म्हणून जगातला पहिला मीटर बसवला, त्याच शहराने चाळीस वर्षांनी जागा केली, पण गिऱ्हाइकाने जायचं कशासाठी, ते कारणच पाडून टाकलं. गाडी लावायला जागा मिळाली, उतरून बघायला काही उरलं नाही.

एकाच छपराखाली

पण ह्याच काळात, १९६६ मध्ये, ओक्लाहोमा सिटीत एक गोष्ट झाली जी मला फार महत्त्वाची वाटते. तिथे एक सार्वजनिक संस्था स्थापन झाली, जिच्या नावातच दोन्ही शब्द आहेत: सेंट्रल ओक्लाहोमा ट्रान्सपोर्टेशन अँड पार्किंग अथॉरिटी. शहराची बससेवा आणि मध्यभागातली सार्वजनिक पार्किंगची व्यवस्था, दोन्ही एकाच छपराखाली. आज ती 'एम्बार्क' या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे हे ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडे बस एका खात्याची, पार्किंगचा ठेका दुसऱ्या खात्याचा, गाडी उचलणारी क्रेन तिसऱ्याची. ह्याचा त्याला पत्ता नाही. पण विचार करा, कामावर येणारा माणूस सकाळी घरातून निघताना एकच प्रश्न सोडवत असतो: आज गाडी काढू की बसने जाऊ? बसचं तिकीट आणि पार्किंगचा दर हे त्याच्या एकाच हिशेबाचे दोन आकडे आहेत. मग शहराने ते दोन वेगळ्या वह्यांत का लिहायचे?

अर्थात, पाटी एकत्र लावली म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढची कितीतरी वर्षं तिथली बससेवा तुटपुंजीच राहिली. रविवारी नियमित बस धावायला २०१९ साल उजाडावं लागलं. रविवारी ड्यूटी असलेल्या, गाडी नसलेल्या माणसाने तोवर काय केलं असेल, तुम्हीच विचार करा.

शहर जागं झालं ते १९९० च्या दशकात. १९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपलं विमान-दुरुस्तीचं मोठं केंद्र ओक्लाहोमा सिटीला न देता इंडियानापोलिसला दिलं. सवलती देण्यात हे शहर कमी पडलं नव्हतं, पण सांगतात ते कारण झोंबणारं होतं: आमच्या माणसांना तिथे राहावंसं वाटणार नाही. त्यानंतर १९९३ मध्ये नागरिकांनी मतदान करून स्वतःवर खरेदीच्या दर डॉलरमागे एक सेंट जादा कर लावून घेतला, ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक कामांसाठी. त्या योजनेचं नाव मॅप्स. हाच प्रयोग पुन्हा पुन्हा झाला. २००९ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या फेरीतून १४ डिसेंबर २०१८ ला शहराच्या मध्यभागात पुन्हा ट्राम धावली. १९४७ ते २०१८. रूळ उखडल्यावर परत टाकायला ७१ वर्षं लागली.

आणि ती ट्राम चालवतं कोण? पार्किंगही सांभाळणारं तेच एम्बार्क.

मीटरचे पैसे जातात कुठे?

मघाशी म्हटलं होतं ना, एक वाक्य लक्षात ठेवा? मीटर शिस्तीसाठी, नुसती तिजोरी भरायला नाही. लोकांचा खरा राग इथेच असतो. पावती फाडतात, पण ते पैसे कुठे जातात ते दिसत नाही.

यासाठी दोन मिनिटं कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना या छोट्या शहरात जाऊ. तिथल्या जुन्या बाजारपेठेत, ओल्ड पॅसाडेनात, मीटर नव्हते. आणि जागा कोण अडवत होतं? बरोब्बर, तिथे काम करणारे लोक. मीटर लावायला दुकानदारांचा विरोध होता. १९९३ मध्ये शहराने त्यांना शब्द दिला: मीटरची जी कमाई होईल ती ह्याच बाजारपेठेवर खर्च होईल. वातावरण बदललं. तासाला एक डॉलर असा दर लागला, तोही संध्याकाळी आणि रविवारीसुद्धा. येणाऱ्या कमाईच्या भरवशावर शहराने ५० लाख डॉलर उभे केले आणि फुटपाथ, दिवे, झाडं, बाकडी, मागच्या गल्ल्या सगळं दुरुस्त केलं. मोडकळीला आलेला तो भाग पुन्हा गजबजला.

ही गोष्ट जगभर पोहोचवली डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी. 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हे त्यांचं जाडजूड पुस्तक २००५ मध्ये आलं. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं. त्याचे पैसे कुणीतरी दुसरा भरत असतो, आणि बऱ्याचदा तो पायी चालणारा किंवा बसने फिरणारा असतो.

आणि हे विचार फक्त अमेरिकेतच आहेत असं समजू नका. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलंय, की पार्किंगचा दर त्या जमिनीचं खरं मोल दाखवणारा असावा, आणि त्यातून सार्वजनिक वाहतुकीकडे लोक वळावेत. कागदावर आहे. आपण मात्र पी-१, पी-२ च्या पाटीखाली तारीख सम की विषम हे आठवत उभे असतो.

पप्पांचा प्रश्न

आता परत येऊ आमच्या जेवणाच्या ताटावर. मी म्हटलं होतं, पार्किंगला पैसे लावा. पप्पा गप्प बसले होते. मग म्हणाले:

"लाव की पैसे. पण मग मी दुकानात यायचं कसं? उडत?"

आमचं घर दुकानापासून साडेचार किलोमीटर. पप्पांचं वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात. मी शाळेत असताना आमच्या कॉलनीतून मेन रोडला सिटी बस यायची. पप्पा तिनेच दुकानात जायचे, खिडकीशी बसून पेपर वाचत. आधी तासाला एक झाली, मग सकाळ-संध्याकाळ, मग एक दिवस आलीच नाही. कुणी मोर्चा काढला नाही, पेपरात बातमी आली नाही. पप्पांनी त्या वर्षी स्कूटर घेतली. आमच्या शेजाऱ्यांनी घेतली, दुकानातल्या पोरांनी हप्त्यावर बाईक घेतल्या. त्याच ह्या आठ गाड्या.

म्हणजे मी ज्याला बेशिस्त म्हणत होतो, ती खरं तर बंद पडलेली बस होती. ती बस आमच्या मेन रोडवर आठ तुकडे होऊन दिवसभर उभी असते.

त्या रात्री मला हे सुचलं नव्हतं. मी उगाच म्हणालो होतो, "पप्पा, तुम्ही मुद्दा समजून घेत नाही." ओक्लाहोमाची गोष्ट वाचल्यावर कळलं, मुद्दा मीच समजून घेतला नव्हता. मी अर्धीच गोष्ट सांगत होतो, मीटरची. पप्पा दुसरी अर्धी विचारत होते, ट्रामची. १९३५ च्या दुकानदारांना मीटर मागता आला, कारण त्यांच्या रस्त्यावरून रूळ जात होते. रूळ काढून नुसता मीटर ठेवला तर तो फक्त दंड उरतो.

फोन करून मी पप्पांना हे सगळं सांगितलं. ते पंधरा मिनिटं ऐकत होते, हे आमच्याकडे रेकॉर्ड आहे. शेवटी म्हणाले, "म्हंजे माझं बरोबर होतं."

म्हटलं, "हो. पण माझंही अर्धं बरोबर होतं."

"अर्धं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पण गोष्ट इथे संपत नाही. आठवड्याने आईचा फोन आला. पप्पांनी स्कूटर दुकानासमोर लावायचं बंद केलंय. दुकानामागे दोनशे-अडीचशे पावलांवर एक मोकळं मैदान आहे, तिथे लावतात आणि गुडघा चोळत चालत येतात. मला इतका आनंद झाला, की लगेच पप्पांना फोन लावला. विचारलं, "मग? आता गिऱ्हाइकाला जागा मिळते का?"

"कसली मिळतेय," पप्पा म्हणाले. "मी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं स्वतःची लावली तिथं. सकाळी नऊपासून."

एकट्याच्या चांगुलपणाने हा प्रश्न सुटत नाही, हे कार्ल मॅगीलाही माहीत होतं. म्हणून तर त्याने प्रत्येक जागेला घड्याळ लावलं. आणि एकट्या घड्याळाने सुटत नाही, हे त्याच्या शहराला कळायला ७१ वर्षं लागली.

तुमच्या गावाच्या मेन रोडवर एकदा उभं राहून बघा. दिवसभर न हललेल्या गाड्या मोजा, आणि त्यांच्या मालकांना विचारा, की पूर्वी तुम्ही इथे कसे येत होता? जी उत्तरं येतील ती मला व्हॉइस नोट करून पाठवा. बंद पडलेल्या बसच्या रूटचं नाव, ती कुठून कुठे जायची, शेवटची कधी बघितली, जे आठवेल ते. पुढच्या एखाद्या भागात आपण ती सगळी ऐकू.

पप्पा, तुम्ही इथपर्यंत ऐकलं असेल तर मैदानातच लावत राहा. मी दिवाळीला येतोय. माझी बाईकही तिथेच लावेन.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, सुट्टे जवळ ठेवा!